घर पडल्यावर मिळणारी सरकारी मदत आणि त्या रकमेत बसणारे बांधकाम

सलग तीन दिवस लागून राहिलेल्या पावसात, ऑगस्टमधल्या एका पहाटे, आमच्या घराची मागची मातीची भिंत बसली. आम्ही सगळे पुढच्या खोलीत होतो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला आणि त्यात एकच ओळ लिहिली गेली: 'मागील भिंतीची पडझड, नुकसान अंशतः.' त्या वेळी मला या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. पुढे कळले, की त्या एका शब्दामुळे आम्हाला मिळू शकणाऱ्या मदतीचा आकडा लाखावरून काही हजारांवर आला होता. तो शब्द बदलून घेण्यात आमचे जवळपास चार महिने गेले. ज्यांच्या घरावर अशी वेळ आज आली आहे, त्यांना हे महिने वाचवता यावेत म्हणून महाराष्ट्रातील प्रक्रिया मी क्रमाने लिहीत आहे.

१. ही मदत कशाची असते, ते आधी समजून घ्या

बोलताना आपण सगळेच 'नुकसानभरपाई' म्हणतो, परंतु शासनाच्या कागदावर ती 'मदत' असते, आणि हा केवळ शब्दांचा फरक नाही. तुमचे घर किती किमतीचे होते किंवा ते पुन्हा उभे करायला किती खर्च येईल, यावर ही रक्कम ठरत नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे दर केंद्र सरकार ठरवते, राज्य शासन ते स्वीकारते आणि त्या दराने प्रति घर ठराविक रक्कम दिली जाते. आठ खोल्यांचा वाडा पडला काय आणि दोन खोल्यांचे घर पडले काय, दर तोच राहतो.

२०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठी ठरलेले आणि राज्य शासनाने २७ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने लागू केलेले दर पुढीलप्रमाणे आहेत. पूर्णतः नष्ट झालेल्या घरासाठी सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये मिळतात. येथे घर पक्के की कच्चे, हा भेद नाही. अंशतः पडझडीला मात्र हा भेद लागू होतो: पक्क्या घरासाठी ६,५०० रुपये आणि कच्च्या घरासाठी ४,००० रुपये, आणि तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तरच. झोपडीसाठी ८,००० रुपये आणि घराला जोडून असलेल्या गोठ्यासाठी ३,००० रुपये आहेत. घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात राहिले, तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांडीकुंडी व घरगुती सामानासाठी २,५०० रुपये प्रति कुटुंब वेगळे मिळतात. ही शेवटची मदत घराच्या मालकीशी नव्हे, तर कुटुंबाशी जोडलेली आहे, त्यामुळे भाड्याने राहणाऱ्यांनीही आपली नोंद अवश्य करून घ्यावी.

हे दर ठराविक मुदतीसाठी असतात. तुमचे नुकसान ज्या तारखेला झाले, त्या तारखेला कोणता शासन निर्णय लागू होता, हे तहसील कार्यालयात विचारा आणि त्याची प्रत जवळ ठेवा. गावात कोणीतरी हमखास सांगते की 'अमक्याला दीड लाख मिळाले होते.' ते खोटे नसते. जुलै २०२१ च्या महापुरानंतर राज्य शासनाने विशेष बाब म्हणून पूर्ण पडलेल्या घरासाठी १,५०,००० रुपये दिले होते आणि अंशतः पडझडीसाठीही ५० टक्के नुकसानीस ५०,०००, २५ टक्क्यांस २५,००० व १५ टक्क्यांस १५,००० असे टप्पे केले होते. परंतु तो निर्णय त्या आपत्तीपुरता होता. दुसऱ्याच्या आपत्तीचा दर धरून आपल्या घराचे अंदाजपत्रक करू नका.

आणखी दोन अटी आहेत. घर पडण्याचे कारण आपत्तीच्या यादीत बसले पाहिजे. पूर, चक्रीवादळ, भूकंप, दरड कोसळणे, गारपीट, ढगफुटी ही त्यातली काही, आणि राज्याने आपल्या स्तरावर अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, समुद्राचे उधाण व आकस्मिक आग यांचाही समावेश केलेला आहे. दुसरी अट अशी, की घर अधिकृत असले पाहिजे, म्हणजे सक्षम प्राधिकरणाकडे त्याची नोंद असली पाहिजे.

२. पहिल्या दोन दिवसांत काय करावे

माणसे आणि जनावरे सुरक्षित जागी हलवल्यानंतर पहिले काम म्हणजे फोटो आणि चित्रफिती. प्रत्येक पडलेल्या भागाचा एक फोटो जवळून आणि एक असा घ्या, ज्यात शेजारचे घर, विजेचा खांब किंवा मंदिर अशी ओळखीची खूण दिसेल. केवळ मातीच्या ढिगाऱ्याचा फोटो कोणत्याही घराचा असू शकतो. ज्या भिंती उभ्या आहेत पण फुगल्या आहेत किंवा ज्यांना वरपासून खालपर्यंत तडे गेले आहेत, त्यांचे फोटो पडलेल्या भिंतींपेक्षाही महत्त्वाचे आहेत. मी ते घेतले नव्हते. पंधरा दिवसांनी फेरतपासणी मागितली, तेव्हा तो तडा त्याच पावसातला आहे, हे दाखवण्यासाठी माझ्याकडे काहीच नव्हते. शेजाऱ्यांच्या मुलाने सहज काढलेला एक फोटो कामी आला.

त्याच दिवशी ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांना कळवा. फोन तर कराच, पण त्याबरोबर दोन ओळींचा लेखी अर्जही द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. संपर्क होत नसेल, तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर नोंद करा. शहरात राहत असाल, तर नगरपरिषद किंवा महानगरपालिका आणि तहसील कार्यालय, दोन्हीकडे अर्ज द्या.

पंचनामा होईपर्यंत ढिगारा उपसू नका. आपल्याकडे घर पडले की शेजारीपाजारी धावून येतात, वासे एका बाजूला रचतात, पत्रे गोळा करतात, माती ओढून टाकतात आणि संध्याकाळपर्यंत जागा स्वच्छ करून देतात. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण दुसऱ्या दिवशी येणाऱ्या अधिकाऱ्याला नीटनेटकी जागा दिसते आणि नुकसान कमी वाटते. रस्ता अडला असेल किंवा एखादी भिंत कोणाच्या अंगावर पडण्याचा धोका असेल, तर ती अवश्य उतरवा, पण आधी फोटो घ्या आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या असलेला कागद करून ठेवा.

३. कागदपत्रांची जुळवाजुळव

पुढील कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रत्येकाच्या तीन प्रतींसह ठेवा.

– घराची नोंद: गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, शहरात मालमत्ता पत्रक किंवा मालमत्ता कर आकारणीचा उतारा
– चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती
– आधार कार्ड आणि शिधापत्रिका
– बँक पासबुकाचे पहिले पान
– शेतात घर असल्यास सातबारा उतारा
– वीजबिल, कारण त्या घरात प्रत्यक्ष वास्तव्य होते हे त्यावरून दिसते
– फोटोंच्या छापील प्रती, मागे तारीख लिहून

या यादीतील सर्वांत मोठा खोळंबा नमुना ८ मध्ये होतो. घर आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षे झालेली आणि घरात राहणारे दोघे भाऊ, ही स्थिती घरोघरी आहे. अशा वेळी मयताचा मृत्यू दाखला, वारसांची यादी आणि इतर वारसांचे संमतीपत्र तयार ठेवा. रक्कम कोणाच्या खात्यावर जमा व्हावी, याबद्दल सर्व वारसांनी एकच लेखी म्हणणे द्यावे. भावांमध्ये वाद असेल आणि तो पंचनाम्याच्या वेळी बाहेर आला, तर कोणालाच काही न मिळता प्रकरण पडून राहते, हे मी आमच्याच आळीत पाहिले आहे. एका छपराखाली दोन भावांचे वेगवेगळे संसार असतील आणि ग्रामपंचायतीत घर क्रमांकही वेगळे असतील, तर दोन्ही उतारे दाखवून दोन स्वतंत्र पंचनामे मागा. क्रमांक एकच असेल, तर मदतही एकाच घराची गृहीत धरा.

४. पंचनामा: सगळे काही येथेच ठरते

पंचनाम्याच्या वेळी घरातील एक जबाबदार माणूस तेथे हजर असलाच पाहिजे. अधिकाऱ्यांना एका दिवसात तीस-चाळीस घरे पाहायची असतात. ते पुढच्या दारातून येतात, पडलेला भाग पाहतात आणि पुढे जातात. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. त्यांना घरभर फिरवणे हे आपले काम आहे. प्रत्येक खोलीत न्या, तुळई कुठे सरकली आहे ते बोट ठेवून दाखवा, आढे वाकले असेल तर तेही सांगा, भिंतीच्या तळाशी माती भिजून सुटली असेल तर हाताने दाखवा.

लिहून घेतला जाणारा मजकूर सही करण्यापूर्वी पूर्ण वाचा. त्यात पाच गोष्टी तपासा: घर क्रमांक आणि मालकाचे नाव, नुकसानीची तारीख व कारण, घर पक्के की कच्चे की झोपडी, एकूण खोल्यांपैकी व भिंतींपैकी किती पडल्या, आणि शेवटी नुकसान पूर्णतः की अंशतः, व अंशतः असल्यास किती टक्के. झोपडी म्हणजे गवत, माती, प्लॅस्टिक यांची तात्पुरती, कच्च्या घरापेक्षाही कमी प्रतीची रचना. मातीच्या भिंतींचे आणि पत्र्याचे, पिढ्यानपिढ्या राहते घर हे कच्चे घर असते, झोपडी नसते. घाईत तसे लिहिले गेले आणि घर पूर्ण पडले असेल, तर १,२०,००० ऐवजी ८,००० रुपये मिळतील.

टक्केवारीचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. मातीच्या घरात भिंतीच छपराचे वजन पेलतात. एक भार पेलणारी भिंत गेली, की तिच्यावर टेकलेली तुळई सुटते, छप्पर एका बाजूला झुकते आणि उरलेल्या तीन भिंती बाहेरून उभ्या दिसल्या तरी त्यांच्या आत राहणे धोक्याचे होते. आमच्या पंचनाम्यात चारपैकी एक भिंत म्हणून 'अंशतः' लिहिले गेले ते यामुळेच; मोजणी बरोबर होती, पण घराची अवस्था तिच्यात आली नव्हती. तुमच्या घराची स्थिती अशी असेल, तर महसूल कर्मचाऱ्यांना तिथल्या तिथे विनंती करा, की नुकसानीचे प्रमाण ठरवण्यासाठी जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा अभिप्राय घ्यावा, आणि ही विनंती पंचनाम्यात नोंदवून घ्या. घर राहण्यास अयोग्य झाले आहे, असे अभियंत्याने लिहून दिले, की पुढचा वाद बराच सोपा होतो.

सही करून झाल्यावर पंचनाम्याचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर, 'नंतर भरून घेतो' असे सांगितले तरी, सही करू नका.

५. नोंद चुकली असेल तर

उशीर न करता तहसीलदारांच्या नावे फेरपंचनाम्याचा अर्ज द्या. अर्जात तक्रारीचा सूर नको. मूळ पंचनाम्यात काय लिहिले आहे, प्रत्यक्षात काय आहे आणि त्याला कोणता पुरावा आहे, एवढे तीन परिच्छेद पुरेसे आहेत. फोटो जोडा, शक्य असल्यास एखाद्या खासगी स्थापत्य अभियंत्याचे मत जोडा. पंचनाम्याची प्रत मिळत नसेल, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक असते. तहसील पातळीवर निर्णय झाला नाही, तर उपविभागीय अधिकारी आणि त्यानंतर जिल्हाधिकारी, हा क्रम पाळा. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तेथे मांडायचे असेल, तर आधीच्या अर्जांच्या पोच सोबत लागतात, म्हणून मी वर पोच घेण्याचा आग्रह धरला.

आमच्या बाबतीत अभियंता येऊन गेल्यावर अभिप्राय बदलला आणि घर पूर्णतः बाधित ठरले. मधल्या काळात 'काम करून देतो' म्हणणारे दोघे जण भेटले. या प्रक्रियेत पंचनाम्याला शुल्क नाही आणि मध्यस्थाची कोठेही गरज नाही.

६. बँक खाते

रक्कम थेट खात्यावर येते. खाते चालू आहे का, आधारशी जोडलेले आहे का आणि त्यावरील नाव नमुना ८ मधील नावाशी जुळते का, हे आधीच बँकेत जाऊन तपासा. लाभार्थ्यांची यादी लागल्यावर ई-केवायसी करण्यास सांगितले, तर यादीतील तुमचा क्रमांक घेऊन सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रात जा. वापरात नसलेल्या जुन्या खात्याचा क्रमांक दिल्याने अडकलेली रक्कम परत मिळवणे फार वेळखाऊ असते.

७. हातात येणाऱ्या रकमेत काय बसते

आता खरा प्रश्न. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण या घरकूल योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, धरले आहे आणि तिचे मूळ अनुदानही सपाट भागात १,२०,००० व डोंगराळ भागात १,३०,००० रुपये असेच ठरवलेले आहे. १,२०,००० ला २६९ ने भागले, तर एका चौरस फुटाला ४४६ रुपये येतात. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मग गवंड्याला दर विचारा. तो सांगेल तो दर यापेक्षा कितीतरी जास्त असेल. म्हणून या रकमेत पूर्ण घर होत नाही, हे सुरुवातीलाच मान्य करावे लागते, आणि जे होते ते इतके पक्के करावे लागते, की पुढचे काम त्यावर बिनधास्त चढवता येईल.

आधी दोन चौकशा करा. पहिली, जागा बांधण्यायोग्य आहे का. नदीकाठच्या गावात पाटबंधारे विभागाने आखलेली पूररेषा पाहा: निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत पुन्हा बांधले, तर परवानगीची अडचण येतेच, पण तेच पाणी पुन्हा घरात येते. दुसरी चौकशी पंचायत समितीत, घरकूल योजनेची. आपत्तीची मदत महसूल विभागाकडून येते आणि घरकूल ग्रामविकास विभागाकडून; एका ठिकाणचा अर्ज दुसरीकडे आपोआप जात नाही. घरकूल मंजूर झाल्यास त्याचे हप्ते पाया, भिंती, छप्पर अशा टप्प्यांच्या फोटोंवर मिळतात, अकुशल मजुरीचे दिवस रोजगार हमीतून आणि शौचालयासाठी १२,००० रुपये स्वच्छ भारत अभियानातून जोडले जातात. घरकूल लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूदही राज्याच्या २०२५ च्या वाळू धोरणात आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा ही मदत किरकोळ नाही. तहसील कार्यालयात तिचा पास मागा.

बांधकामाचा हिशेब मी असा केला. बाहेरून ५ मीटर बाय ५ मीटरचा चौकोन घेतला, तर भिंतींची एकूण लांबी २० मीटर होते. उंची ३ मीटर धरली, की ६० चौरस मीटर भिंत. दारे-खिडक्या वजा जाता सुमारे ५४. सोळा इंच लांब आणि आठ इंच उंच सिमेंटचा ठोकळा वापरला, तर एका चौरस मीटरला साडेबारा ठोकळे, म्हणजे ६७५ ठोकळे आणि थोडी तूटफूट लागते. हीच भिंत नऊ इंची विटांची केली, तर सहा हजारांहून अधिक विटा लागतात. आतली आडभिंत यात धरलेली नाही. या दोन आकड्यांवर आपल्या भागातील दर लावून पाहा, म्हणजे कोणता पर्याय परवडतो ते ठेकेदाराला न विचारता कळेल.

पैसे कमी पडू लागले, की लोक पायात बचत करतात आणि फरशीत खर्च करतात. हे उलटे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात जाड दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरील मातीच्या धाब्यांचे वजन माणसांच्या अंगावर आले, आणि त्यातून आपल्या राज्याने शिकलेली साधी गोष्ट अशी, की भिंतींना चारही बाजूंनी एकत्र बांधणारा काँक्रीटचा पट्टा हवा. जोत्याच्या पातळीवर एक आणि दारे-खिडक्यांच्या वर एक, असे दोन सलग पट्टे सळई घालून करून घ्या. कोपऱ्यांत सळई वळवून पुढच्या भिंतीत गेली पाहिजे, नुसती टेकवून ठेवलेली नको. जोते मागच्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर घ्या. छप्पर सध्या पत्र्याचे चालेल, पण पत्रे वाऱ्याने उचलले जाणार नाहीत असे आकड्यांनी लोखंडी नळ्यांना आवळलेले हवेत. एक दार आणि एक खिडकी बसवा. आतला गिलावा, फरशी, रंग, दुसरे दार, हे सारे पुढच्या हंगामाच्या उत्पन्नावर सोडा. बाहेरच्या बाजूचा गिलावा मात्र पुढच्या पावसाळ्याआधी करून घ्या.

जुने सामान फेकू नका. आमचे सागवानी वासे, दोन चौकटी आणि निम्मे पत्रे नव्या घरात वापरले गेले. पायातला दगडही जुन्याच घराचा आहे.

ठेकेदाराला साहित्यासह सगळे काम एकदम देण्यापेक्षा साहित्य स्वतः आणून मजुरी ठरवून देणे मला बरे वाटले, कारण प्रत्येक पोत्याची पावती हातात राहिली. आगाऊ रक्कम द्यायचीच असेल, तर ती एका टप्प्याच्या मजुरीपेक्षा जास्त देऊ नका, आणि कोणता टप्पा पूर्ण झाल्यावर किती द्यायचे, ते दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवा. मदत जमा होण्याआधी तिच्या भरवशावर उधारीने सिमेंट उचलू नका. यादीत नाव येणे आणि खात्यात रक्कम येणे यांत किती अंतर पडेल, हे कोणीही सांगू शकत नाही, आणि दुकानदाराची उधारी तेवढी थांबत नाही.

८. घर उभे राहिल्यावर

ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नमुना ८ मध्ये नव्या घराची नोंद करून घ्या: बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ आणि राहणाऱ्याचे नाव. वारस नोंद राहिली असेल, तर तीही याच वेळी पूर्ण करा. नवा उतारा, घराचे चारही बाजूंचे तारीख असलेले फोटो आणि साहित्याच्या पावत्या त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी त्या घरात न ठेवता दुसऱ्या उंच जागी, एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा.